सहावं झाड

शाळा सकाळची झाली की माझा डूख जागा होतो. बाकीच्यांना या दिवसांत कैऱ्या आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एक लाल रेघ आठवते. निंबाचा फुलोरा शाळेच्या व्हरांड्यात सांडायला लागतो, गावातल्या बाया गच्चीवर जुन्या साड्या अंथरून ज्वारीचे बिबडे पापडांसारखे वाळत घालतात, दहा वाजत नाहीत तोच वर्गावरचे पत्रे तापून कडकड वाजायला लागतात, आणि मी घरी येऊन कपाटातली रेक्झिनची पिशवी काढते. तिच्यात चार घड्या घातलेला एक कागद आहे. तो उघडते, बघते, परत ठेवते. लोक दसऱ्याला शस्त्रं पुजतात, मी एप्रिलमध्ये तो कागद पुजते. नवरा म्हणतो, एवढं धरून ठेवायचं नसतं. मी म्हणते, तुमच्या पेपरवर कोणी रेघ मारली नाही ना, मग तुम्ही चहा घ्या.

यंदा मात्र कागद काढताना हात अडखळला. यंदा तशीच रेघ माझ्याच हातून दुसऱ्या एका पोरीच्या पानावर गेली, आणि त्या दिवसापासून त्या पोरीनं चित्र काढणं सोडलं.

तिचं नाव हर्षाली. मी अमळनेरच्या बाजूला एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते, अठरा वर्षं होत आली, आणि हर्षाली यंदा माझ्या वर्गात आहे. घरी तिच्या आबांची, म्हणजे आजोबांची, लिंबूची बाग. पोरगी बोलायला कमी आणि बघायला जास्त. एखादी गोष्ट समजली की मान हलवत नाही, नुसती भुवई वर करते. मी शिकवताना तिच्या भुवईकडे बघून पुढे जाते.

आमच्या वर्गात गणित पानाला घडी घालून सुरू होतं. एक घडी आडवी, एक उभी. पान उघडलं की चार खण. पहिल्या खणात काय सांगितलंय ते लिहायचं, दुसऱ्यात काय विचारलंय ते, तिसऱ्यात चित्र, आणि चौथ्यात रीत नि उत्तर. चित्र म्हणजे देखावा नव्हे. कोणी लांब पट्टी आणि आखूड पट्टी काढून दोघांतला फरक दाखवतं, कोणी ठिपक्यांच्या रांगा मांडून गुणाकार करतं, कोणी पुरणाचा मांडा काढून त्याचे आठ तुकडे पाडतं. एका प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर हेच दाखवलं आणि याला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात असं सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. वर्गात आम्ही त्याला खणांचं पान म्हणतो, आणि त्यानं कोणाचं काही अडलेलं नाही.

दिवाळीनंतरची एक गोष्ट सांगते. मैदानात दोन दोऱ्यांचे दोन गोल मांडले होते. एका गोलात दोनच्या पाढ्यातले आकडे उभे राहायचे, दुसऱ्यात तीनच्या. प्रत्येक पोराच्या हातात एका आकड्याची चिठ्ठी. सगळे आपापल्या जागी गेले आणि सहाची चिठ्ठी आलेली पोरगी या गोलातून त्या गोलात पळायला लागली. इकडचे तिला ओढतात, तिकडचेही ओढतात. शेवटी ती रडकुंडीला आली. मी काही सांगणार, तेवढ्यात हर्षाली पुढे झाली. तिनं खाली बसून एक दोरी सरकवली, दोन गोल एकमेकांवर चढवले, मधे जी जागा झाली तिथे त्या पोरीला हाताला धरून उभं केलं. मग स्वतः आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मी तिला ते शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, आपली अठरा वर्षं कारणी लागली.

आता खरं सांगायचं तर मी शिक्षिका झाले ती सूड म्हणून. सेवाबिवा नंतर आली.

आमचे नाना कपडे शिवायचे. गावच्या बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक मशीन, एक फळी आणि पारा उडालेला आरसा. लग्नसराई आणि परीक्षा एकदमच यायच्या, त्यामुळे एप्रिलमध्ये आमच्या घरात अभ्यासाला जागा नसायची. जिकडे तिकडे सदऱ्यांचे ढीग. आई काजं करायची, मी बटणं लावायची. बटणपट्टीवर नाना खडूनं खुणा करून द्यायचे. एकदा मी त्यांना न विचारता स्वतःच खुणा केल्या आणि एक बटण जास्तीचं उरलं. नाना रागावले नाहीत. त्यांनी टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सहा बटनं तं मझार पाच जागा. जागा येगळी, बटन येगळं. दोन्ही मोजत जाय." नानांनी मला आयुष्यात एवढंच गणित शिकवलं.

त्याच महिन्यात चौथीची सराव परीक्षा झाली. शेवटचं उदाहरण मी पुरवणीवर सोडवलं. एका शेताची लांबी शंभर फूट आहे, दर वीस फुटांवर लिंबूचे एक झाड लावायचे आहे, तर एका रांगेत किती झाडे लागतील? पाच गुण. मला ती बटणपट्टीच दिसली. मी पट्टीनं रेघ ओढली, डाव्या टोकाला एक झाड काढलं, उजव्या टोकाला एक, मधे चार. झाडं सहा, मधल्या जागा पाच. खाली उत्तर लिहिलं, सहा झाडे. रीत लिहिली नाही, कारण चित्रात सगळं दिसतच होतं. मी खूश होते. नानांनी सांगितलेलं परीक्षेत आलं होतं.

पेपर वाटताना गुरुजींनी माझा शेवटी ठेवला. पुढे बोलावलं. रीत कुठाय, विचारलं. मी चित्रावर बोट ठेवलं. त्यांनी पुरवणी उंच धरली, सगळ्या वर्गाला दिसेल अशी, आणि म्हणाले, "ही रीत आहे की बटणपट्टी? बटणं लावायची असतील तर बापाच्या दुकानात बस. शाळेत जागा अडवू नकोस." वर्ग खो खो हसला. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. झाडांवरून, रेघेवरून, उत्तरावरून. वर शून्य देऊन सही केली. शंभर भागिले वीस, पाच, सरळ भागाकार, असं म्हणाले, आणि उद्या वडिलांची सही आण म्हणाले.

मी सही आणली नाही. काय म्हणून आणायची? नानांनी विचारलं असतं, हे का कापलं, तर मला ते वाक्य सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन छड्या खाल्ल्या. पोरांनी माझं नाव बटण ठेवलं, ते दहावीपर्यंत टिकलं. त्यानंतर मी गणितात चित्र काढलं नाही. पाचवीपासून रीती पाठ केल्या, त्या पेपरात ओकल्या आणि पास होत गेले. नाना आता नाहीत. तो कागद त्यांनी कधी पाहिला नाही, आणि सहीची जागा अजून कोरी आहे.

मला गुणांचं काही नव्हतं. पाच गुणांनी कोणी मरत नाही. पण नानांनी सदऱ्याच्या पट्टीवर शिकवलेलं गणित एका माणसानं वर्गासमोर उचलून धरलं आणि त्यावर पोरं हसवली, हे मी विसरणार नाही. विसरणं चांगलं असतं असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं काहीतरी विसरून दाखवावं.

म्हणून नोकरी लागल्याच्या पहिल्या वर्षापासून एप्रिलच्या चाचणीत मी तेच उदाहरण घालते. शंभर फूट, वीस फूट, लिंबूचं झाड. चाचणीच्या आठ दिवस आधी फळ्यावर चित्र काढून दाखवते, पहिलं झाड रेघेच्या टोकाला, शेवटचं झाड रेघेच्या टोकाला. पोरं तिसऱ्या खणात तसंच काढतात, मोजतात आणि सहा लिहितात. दरवर्षी वीस-पंचवीस सहा. तपासताना मी प्रत्येक सहावर बरोबरची खूण करते आणि मनात म्हणते, घ्या गुरुजी, अजून एक. ही माझी परीक्षेच्या दिवसांतली करमणूक आहे. लोक हिवाळ्यात भरीत-पार्ट्या करतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

आणि मनातले डाव तर विचारू नका. भाजी निवडताना, एस.टी.ची वाट बघताना मी गुरुजींना कितीदा तरी गाठलंय. कधी कोणाच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांच्या देखत. कधी त्यांच्याच सत्कारात, माईक माझ्या हातात. प्रत्येक डावात शेवटी ते मान खाली घालायचे आणि मी उठून निघून जायची. प्रत्यक्षात मी त्यांना एकतीस वर्षांत एकदाही भेटले नव्हते.

तर यंदाची चाचणी. मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं त्या आठवड्यात हर्षाली मावशीच्या लग्नाला रावेरकडे गेलेली होती. परत आली आणि दुसऱ्याच दिवशी चाचणीला बसली. शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात बसून पानं तपासायला घेतली. सहा, सहा, सहा. मजेत चाललं होतं. आणि एका पानावर पाच. मी वर नाव पाहिलं नाही, तिसरा खण पाहिला नाही. पाचचा आकडा दिसला आणि माझ्या डोळ्यांपुढे गुरुजी उभे राहिले. हात आपोआप चालला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. रेघ पुरी झाल्यावर नाव वाचलं. तरीही मला वाटलं, वर्गात नव्हती, म्हणून चुकली असेल. मी पुढचं पान घेतलं.

दुसऱ्या दिवशी पानं वाटली. हर्षालीनं तिचं पान पाहिलं. भुवई वर गेली नाही. तिनं त्याच्या घड्या होत्या तशाच मिटल्या, आणखी एक घडी घातली, आणखी एक, आणि पान दप्तराच्या तळाशी घातलं. त्यानंतरच्या उदाहरणात तिचा तिसरा खण कोरा होता. मी विचारलं, चित्र कुठाय? ती खाली बघत म्हणाली, "रीत लिखेल शे, मॅडम. चित्र नही लागस." त्याच्या पुढच्या दिवशीही कोरा. चौथ्या दिवशी तर तिनं पानाला घडीच घातली नाही. वरपासून खालपर्यंत रीत, सुंदर अक्षरात. उत्तरं बरोबर.

वार्षिक परीक्षा तोंडावर होती. ती पास होणार यात मला शंका नव्हती. पास तर मीही होत गेले होते. पण दोरी सरकवून दोन गोल एकमेकांवर चढवणारी पोरगी आता नुसती रीत लिहीत होती. ती पाचवीत जाईल, दुसऱ्या शाळेत जाईल, आणि हे असंच राहील, हे मला माझ्यावरून माहीत होतं.

इथे शहाण्या बाईनं पोरीला जवळ घेऊन विचारलं असतं. मी काय केलं? मी गुरुजींवर चिडले. माझ्या वर्गात, माझ्या पेननं, त्या माणसानं परत एका पोरीच्या पानावर रेघ ओढली, असंच माझ्या डोक्यात बसलं. गुरुजी धुळ्याला मुलाकडे राहतात हे मला एका जुन्या मैत्रिणीकडून कळलेलं होतं. पत्ता मिळवला, रेक्झिनची पिशवी खांद्याला लावली आणि रविवारी सकाळी धुळ्याची एस.टी. धरली. रुमाल बांधूनही तोंड भाजत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुजी कूलरसमोर खाटेवर बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, बनियनमधून बरगड्या दिसत होत्या. माझ्या डावांमधले गुरुजी नेहमी तेव्हाच्या वयाचे असायचे. हे बघून माझी थोडी पंचाईत झाली. त्यांनी मला ओळखलं नाही. गाव सांगितलं, साल सांगितलं, तरी नाही. शेवटी नानांचं नाव घेतलं, तर चेहरा खुलला. "शिवणकामवाले? त्यांनी मला सफारी शिवला होता. फार सुंदर बसला होता." म्हणजे ज्या दुकानात बसायला मला सांगितलं, त्याच दुकानातून सफारी शिवून नेला होता. माझी पंचाईत तिथेच संपली.

मी कागद उलगडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, उदाहरण वाचलं आणि लगेच म्हणाले, पाच. मग रेघ पाहिली, आपली सही ओळखली आणि माझ्याकडे बघितलं. मी एकतीस वर्षं जपलेलं वाक्य काढलं. "गुरुजी, रीत कुठाय?"

ते म्हणाले, ही काय, शंभर भागिले वीस. मी म्हटलं, चित्र काढून दाखवा. शेजारी कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, तिची कोरी बाजू त्यांच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. रेघ वाकडी आली. रेघेच्या टोकाला त्यांनी एक ठिपका दिला, मग थोडं अंतर सोडून दुसरा, असं करत शेवटच्या टोकापर्यंत गेले. मधल्या जागा मोजल्या, पाच. ठिपके मोजले. परत उलट्या बाजूनं मोजले. आतून त्यांची सून चहा घेऊन आली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"सहा," ते म्हणाले. मग पत्रिका खाली ठेवत, "हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

मी पर्समधून लाल पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि गुण द्या म्हटलं. त्यांनी निमूटपणे शून्य खोडलं, पाचपैकी पाच लिहिले, खाली सही केली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाची दया आली का? नाही आली. मी चहा घेतला, सुनेनं आग्रह केला तर आणखी अर्धा कप घेतला, आणि उन्हात ताठ मानेनं स्टँडपर्यंत चालत गेले.

एस.टी. धुळ्याबाहेर पडली. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळक्या पराट्या उपसलेली काळी वावरं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात सगळं पहिल्यापासून परत घडवत होते, सफारी, पत्रिका, सहा. माझं वाक्य मला फार आवडलं होतं. तुम्ही विचारलं नव्हतं. ते मी तीन-चारदा म्हणून पाहिलं. पाचव्यांदा म्हणताना अडखळले. हर्षालीला मी तरी कुठे विचारलं होतं?

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि ते पान मागितलं. तिनं दप्तराच्या तळातून काढलं. घडी उलगडता उलगडेना. मी म्हटलं, पाच कसे आले ते मला सांग. ती रेघेकडे बघत म्हणाली, "चुकनं, मॅडम." मी म्हटलं, चुकलं की नाही ते मागून बघू, आधी कसं केलंस ते सांग.

आणि मग मी पहिल्यांदा तिचा तिसरा खण नीट पाहिला. रेघ होती. रेघेच्या दोन्ही टोकांना जाड उभे पट्टे होते. झाडं टोकांना नव्हती. पहिलं झाड पट्ट्यापासून थोडं आत, शेवटचंही तेवढंच आत. पाच झाडं. मला वाटलं असतं, पोरीनं घाईत कसंही काढलंय. तिनं जाड पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हाऊ बांध शे. बांधवर झाड लावं तं निम्मी सावली शेजारीना वावरमा पडस, मंग भांडन व्हस. आमना आबा बांधपाईन दहा फूट सोडतस. शेजारना बी दहा फूट सोडस. मंग मझार वीस व्हतस."

मी मनात मोजलं. दहावर एक, तीसवर एक, पन्नास, सत्तर, नव्वद. पाच. तिकडे परत दहा फूट आणि बांध. बांधापलीकडे शेजाऱ्याचे दहा. माझं शेवटचं झाड आणि त्याचं पहिलं, यांच्यातही बरोबर वीस. सगळ्या शिवारात कुठेच अंतर चुकत नाही, आणि कोणाची सावली कोणाच्या पिकावर पडत नाही. हे मला एकतीस वर्षांत सुचलं नाही, कारण आमच्या नानांना वावर नव्हतं. मी बटणांच्या घरात वाढले. माझी पट्टी गळ्याशी सुरू व्हायची आणि खाली संपायची, तिच्या पलीकडे कोणी नसायचं. अठरा वर्षं शेतकऱ्यांच्या पोरांना मी लिंबूची झाडं बटणांसारखी लावायला शिकवली. घरी आबांनी, काकांनी कशी लावली आहेत हे त्यांना रोज दिसत होतं, तरी मॅडम सांगतात म्हणून त्यांनी बांधावर झाडं लावली. गुरुजींनी रीत पाठ करायला लावली आणि मी चित्र पाठ करायला लावलं. माझा सूड असा चालला होता.

मग मी वर्गाला सगळं सांगितलं. नानांचं दुकान, बटणपट्टी, गुरुजींनी वर धरलेला कागद, छड्या. धुळ्याचंही सांगितलं. मॅडमनं छड्या खाल्ल्या हे ऐकून पोरांना फार आनंद झाला. मी म्हटलं, मला बटणं दिसली म्हणून मी सहा काढले, हिला बांध दिसला म्हणून हिनं पाच काढले, दोघींचं चित्र खरं. पोरं हो म्हणाली. हर्षालीनं टेबलावरच्या आपल्या पानाकडे पाहिलं. मग तिची भुवई वर गेली.

"बटनले शेजारी नही राहस, मॅडम. झाडले राहस."

मी तिचं पान घेतलं. लाल रेघ पुसता येत नाही. तिच्याखाली निळ्या पेननं लिहिलं, चूक माझी, पाच बरोबर. खाली सही केली, आणि पान सगळ्या वर्गाला दिसेल असं उंच धरलं. कोणी हसलं नाही. मग रेक्झिनची पिशवी उघडून माझी पुरवणी काढली, लाल पेनसकट तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आता तू माझा पेपर तपास.

तिनं ते काम फार मनावर घेतलं. पुरवणी घेऊन आपल्या जागेवर गेली, पट्टी काढली, कंपासपेटीतून पेन्सिल काढली. सुटीतही उठली नाही, शेजारची पोरगी वाकून बघायला लागली तर हातानं झाकून घेतलं. शेवटच्या तासाला पुरवणी परत आली. माझ्या झाडांच्या रांगेला दोन्ही टोकांना तिनं पेन्सिलीनं जाड बांध काढले होते. टोकाची दोन झाडं त्या बांधांवरच उभी होती, त्यांना गोल केला होता. गुरुजींनी दिलेले पाचपैकी पाच खोडून शेजारी अडीच लिहिले होते. मी विचारलं, अडीच का? ती म्हणाली की चित्र चांगलं काढलंय, मोजलंय बरोबर, म्हणून अडीच. मग माझ्याकडे न बघता, "तुमी बांध इसरनात."

पानाच्या खाली तिनं एक आडवी रेघ ओढून पालकांची सही असंही लिहून ठेवलं होतं. आमच्या वर्गाची तशी पद्धत आहे, मीच लावलेली. त्या रेघेकडे मला फार वेळ बघवलं नाही.

मंगळवारी बसमधल्या प्रवाशांचं उदाहरण घातलं. हर्षालीनं पानाला घडी घातली, आडवी, मग उभी. तिसऱ्या खणात तिनं बस काढली, चढणारे एका बाजूला, उतरणारे दुसऱ्या बाजूला. उत्तर एकानं चुकलं, कारण तिनं कंडक्टरलाही मोजलं होतं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि तिला जवळ बोलावून विचारलं. तिच्याकडे कारण होतं.

गुरुजींना मी अजून कळवलेलं नाही. त्यांचा पाच बरोबर होता, जरी त्या पाचात ना बांध होता ना बटण, नुसता भागाकार होता. मी त्या म्हाताऱ्या माणसाला आपलं बरोबर उत्तर सोडायला लावलं, हे मला कळतं. त्यांचा पाच त्यांना परत द्यायला मी धुळ्याला जाणार आहे. हर्षालीचं पान दाखवीन, बांध समजावून सांगीन, माझ्या बाजूचे दहा फूट सोडीन. मग त्यांच्या बाजूचे दहा फूट मागीन. गुणांचं मिटलं, पण बापाच्या दुकानात बस हे वाक्य त्यांनी परत घ्यायचं आहे, आणि त्या कोऱ्या रेघेवर नानांच्या जागी त्यांनी सही करायची आहे. पण हे सगळं परीक्षा संपल्यावर. मी एकतीस वर्षं शून्यावर काढली. गुरुजींनी पंधरा दिवस सहावर काढावेत.